कोर्स कन्नडमध्ये, रुग्ण मराठीत. मी शिकू कुठं?

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात अकरा वर्षं स्टाफ नर्स असलेल्या ताईंचं पत्र आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात इंग्रजीतून जीएनएम (नर्सिंगची पदविका), आणि नोकरीतला कागद सगळा कन्नड. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सीएनईचे, म्हणजे नर्सनं नोकरीत असताना करायच्या पुढच्या शिक्षणाचे, तास भरायचे आहेत. त्या निमित्तानं रुग्णतपासणी, म्हणजे 'हेल्थ असेसमेंट', नीट शिकावी असंही त्यांच्या मनात आहे. समोर तीन वाटा आहेत : सोळा हजारांचा इंग्रजी ऑनलाइन कोर्स, जिल्हा पातळीवरचं दोन दिवसांचं फुकट प्रशिक्षण (कन्नडमधून), आणि कोल्हापूरकडची एक दिवसाची मराठी कार्यशाळा. त्या लिहितात, "कन्नड कामापुरतं येतं, व्याख्यान मात्र डोक्यावरून जातं. आणि खरं सांगू? तपासणी हे डॉक्टरांचं काम. मी बीपी, शुगर, वजन लिहून देते." पत्राच्या शेवटी एक ओझं उतरवलंय. दोन महिन्यांपूर्वी पंचावन्न वर्षांची, मधुमेह असलेली बाई "जीव घाबरा होतोय, पोटात वर जळजळायलंय" म्हणून आली. डॉक्टर मीटिंगला गेलेले. बीपी १३०/८० भरलं. ॲसिडिटीची गोळी देऊन त्यांनी तिला घरी पाठवलं. रात्री तिला बेळगावला न्यावं लागलं. हार्ट अटॅक निघाला. ती वाचली. "माझं चुकलं का, हे कुणाला विचारू?"

उत्तर :

ताई, शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालू. तो तसाच मनात ठेवून कुठलाही कोर्स केलात तरी वर्गात बसून तुम्ही त्याच बाईचा विचार करत राहाल.

काही गोष्टी राहिल्या, हे खरं. बीपीचा आकडा बरोबर असेलही. अटॅकच्या पहिल्या तासांत बीपी नेहमीसारखं असणं मुळीच दुर्मीळ नाही. चूक झाली ती त्या आकड्यावर विसंबण्यात. मधुमेहाच्या रुग्णाला, त्यातून बाईला, छातीत कळ न येता नुसता घाम, धाप, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जळजळ किंवा 'कसंतरीच होतंय' एवढंच होऊ शकतं. वय, मधुमेह आणि अचानक सुरू झालेला त्रास असं तिन्ही एकत्र आलं की ॲसिडिटी हे सगळं तपासून झाल्यावर काढायचं अनुमान. विचारायचं होतं ते असं : नेमकं किती वाजता सुरू झालं, घाम फुटला का, जबडा-खांदा-पाठ-हात यांत काही जातंय का, चार पावलं चाललं की वाढतं का, असं आधी कधी झालं होतं का. दोन मिनिटांचं काम आहे. मग ईसीजी. यंत्र असेल तर रुग्ण दारात आल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा. नसेल तर जिथं आहे तिथं रुग्णाला पोचवायचं. आणि पहिला ईसीजी साफ आला म्हणूनही सोडायचं नसतं. त्रास चालू असेल तर थोड्या वेळानं पुन्हा काढतात. कर्नाटकात २०२३ पासून पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजना आहे. तीत सरकारी रुग्णालयात काढलेला ईसीजी तिथूनच हृदयरोग केंद्राला दाखवतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन फुकट देतात. तुमच्या केंद्राला जवळचं असं रुग्णालय कुठलं, हे उद्याच विचारा आणि त्याचा नंबर फोनशेजारी भिंतीवर चिकटवा.

कुणाला विचारू, म्हणता. तुमच्याच मेडिकल ऑफिसरना. तोंडी नको, अर्ध्या पानावर लिहून : बाई आली तेव्हा काय म्हणाली, काय पाहिलं, काय पाहायचं राहिलं. माफीनामा लिहायचा नाहीये, केस लिहायची आहे. दोघं मिळून वीस मिनिटं त्यावर बसलात तर तुमच्या सीएनईचा पहिला तास तिथंच झाला, कागदावर मोजला जाणार नसला तरी.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुमच्याच पुढ्यात ठेवतो. तपासणी डॉक्टरांचं काम, असं म्हणता. पण त्या दुपारी ॲसिडिटीची गोळी हातात दिलीत तेव्हा तुम्ही निदान केलंत आणि औषधही दिलंत. म्हणजे डॉक्टरांचं काम झालं, राहिलं ते नर्सचं. आजाराला नाव देणं आणि औषध ठरवणं ही डॉक्टरांची हद्द आहे, ती पाळायलाच हवी. पण या माणसात काय बिघडलंय, किती घाई आहे आणि कुणाला कळवायचं, हे ठरवणं तुमच्या गळ्यात अकरा वर्षं आहेच. बाकावरच्या चाळीस माणसांतून कुणाला आधी आत सोडायचं हे रोज तुम्हीच ठरवता. फक्त ते अंदाजानं करता की पद्धतीनं, एवढाच प्रश्न आहे.

भाषेचं दुखणं या भागात जरा हुळहुळंच. फलक कुठल्या भाषेत असावा हा वाद इथं नको. रुग्णाच्या बोलण्यातून लक्षण कसं काढायचं एवढंच पाहू. त्यात तुमची मराठी ही उणी बाजू नाहीच. "छातीत दुखतंय का?" असं विचारलं की आपल्याकडची बाई "नाही" म्हणून मोकळी होते, कारण तिला दुखत नसतंच. "दाटल्यासारखं वाटतंय का, आवळल्यासारखं, वर कुणी बसल्यासारखं?" म्हटलं की "होय की, तसंच होतंय" येतं. 'चक्कर'चंही तसंच. चक्कर म्हणून आलेल्या माणसाला घर फिरल्यासारखं होतंय, उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते, की चालताना झोक जातो? पहिल्यात कानाकडं लक्ष द्या. दुसऱ्यात आडवं झोपवून आणि मग उभं करून बीपी घ्या. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर कारण सापडलंच. तिसऱ्यात, आणि तो त्रास अचानक सुरू झाला असेल तर, चेहरा, हात आणि बोलणं बघा. लकव्याची शंका धरा. ऑनलाइन कोर्सच्या इंग्रजी प्रश्नावलीत हे तीन शब्द मिळणार नाहीत.

कन्नडचीही एक गंमत आहे, आणि धोकाही. कन्नड रुग्ण 'सुस्तु' म्हणतो तेव्हा त्याला थकवा आलेला असतो, अंगात त्राण नसतं. मराठी कानाला ती 'सुस्ती' वाटते, म्हणजे आळस नाहीतर झोपाळलेपण. लहान मुलाच्या बाबतीत हा गोंधळ महागात पडेल, कारण मूल खरोखर सुस्त पडलेलं असणं हे धोक्याचं लक्षण आहे. 'तले सुत्तु' म्हणजे गरगरणं, 'एदे नोवु' म्हणजे छातीत दुखणं, 'उसिरु' म्हणजे श्वास. अशी चाळीसेक शब्दांची वही करा : एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, तीही देवनागरीत. केंद्रातली कन्नड घरातली एएनएम किंवा आशा तासाभरात तपासून देईल. कन्नड प्रशिक्षणाला जायच्या आठवडाभर आधी ही वही तयार असेल तर निम्मं व्याख्यान डोक्यावरून जाणार नाही. उरलेलं निम्मं हातांनी करायचं असतं, तिथं भाषा फारशी आडवी येत नाही.

आता तीन वाटा. भारतीय परिचर्या परिषदेची अपेक्षा ५ वर्षांत १५० तास, म्हणजे वर्षाला ३० तास सीएनईची आहे. तुमची नोंदणी कर्नाटकात, म्हणून तास धरले जाणार की नाही ते कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलकडून कळायला हवं. पैसे भरण्याआधी आयोजकाला लेखी विचारा : प्रमाणपत्रावर तासांचा आकडा असतो का, कौन्सिलच्या मान्यतेचा उल्लेख असतो का? कोल्हापूरच्या कार्यशाळेला हा प्रश्न आधी, कारण तिथली मान्यता महाराष्ट्राच्या कौन्सिलची असू शकते. तास न धरता शिकायला म्हणून जायचं असेल तर खुशाल जा; मग रजा मात्र तुमच्या खात्यातली.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. एकूण तासांपैकी किती तास तुमचा हात खऱ्या माणसावर असेल, आणि कुणी उभं राहून "स्टेथो इथं नको, तिथं ठेव" म्हणणार आहे का? सोळा हजारांच्या कोर्सबद्दल हे विचाराच. बहुतेक अशा कोर्सांत डोक्यापासून पायापर्यंतची तपासणी व्हिडिओत दाखवतात आणि शेवटी चार पर्यायांचे प्रश्न येतात. शरीरात काय घडतं हे समजायला ते बरं. पण फुप्फुसाच्या तळाची करकर व्हिडिओत ऐकणं आणि धाप लागलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीवर ऐकणं यांत फार अंतर आहे. माझं मत विचाराल तर यंदा ते सोळा हजार राहू द्या. कन्नड प्रशिक्षणाला जा. तिथले फॉर्म, रेफरलचे निकष, औषधांची यादी तुमच्याच केंद्रातली असेल, आणि ज्यांना उद्या फोन करायचा आहे ती माणसंही तिथंच भेटतील.

खरं शिक्षण मात्र तुमच्या केंद्रातच होणार आहे. तपासणीत आपण सुधारतो ते आपला निष्कर्ष दुसऱ्या कुणी त्याच माणसावर, त्याच दिवशी पडताळला तर. अकरा वर्षांचा अनुभव पडताळणीशिवायचा असेल तर एकच चूक अकरा वर्षं पक्की होत जाते. म्हणून सुरुवात करा ती रोज सगळ्यांत जास्त वेळा करता त्यापासून, म्हणजे बीपीपासून.

रजिस्टर उघडा आणि तुम्ही घेतलेल्या शेवटच्या ५० बीपींचा वरचा आकडा पाहा. डायलवर दोन-दोनच्या रेघा असतात, म्हणजे आकडा ०, २, ४, ६ किंवा ८ वर संपणार. नीट मोजलं असेल तर ५० पैकी साधारण १० शून्यावर संपतील. पस्तीस-चाळीस संपत असतील तर तुम्ही १२०, १३०, १४० असं गोळाबेरीज लिहिताय. १४०/९० ही उच्च रक्तदाबाची रेघ आहे. १३६ चा १४० झाला तर एकाला विनाकारण गोळी लागते, आणि १४४ चा १४० झाला तर दुसऱ्याला "काठावर आहे, बघू" म्हणून घरी पाठवलं जातं.

मग पद्धत. बसवल्यावर ५ मिनिटं शांत, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पाय एकमेकांवर न टाकता. आपल्या केंद्रांत रुग्णाला स्टुलावर बसवतात, पाठीला काही नसतं. ते स्टूल आजच भिंतीला लावा. चहा, विडी, तंबाखू होऊन अर्धा तास गेलेला असावा, लघवी करून यायला सांगावं. हात टेबलावर, कफ (दंडावर बांधायचा हवेचा पट्टा) हृदयाच्या पातळीला. हात मांडीवर पडला असेल तर कफ पातळीच्या खाली येतो आणि दर सेंटीमीटरला पाऊण मिमीच्या हिशेबानं आकडा चढतो; १५ सेंटीमीटर खाली म्हणजे अकरा-बारा मिमी फुकटचे. दंडाचा घेर टेपनं मोजा. २७ ते ३४ सेंटीमीटरला नेहमीचा प्रौढ कफ चालतो, त्यावर ४४ पर्यंत मोठा लागतो, २६ च्या आत छोटा. भरलेल्या दंडावर नेहमीचा कफ बांधला तर बीपी खोटंच जास्त दिसतं. केंद्रात मोठा कफ नसेल तर सोळा हजारातले हजारेक त्यावर घाला, किंवा त्याहून बरं, लेखी मागणी करा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिचा फास करून ठेवणं ही आपल्याकडची खास चूक. आडोसा करून दंड मोकळा करायला सांगा.

पहिल्यांदा स्टेथोशिवाय : मनगटाची नाडी धरून फुगवत जा, ती जिथं हरवते तो आकडा लक्षात ठेवा, हवा सोडा. मग स्टेथो लावून त्या आकड्याच्या वर २० ते ३० पर्यंत फुगवा आणि सेकंदाला २ ते ३ मिमी या गतीनं सोडा. ही पायरी गाळली तर काही म्हाताऱ्या रुग्णांत मधे आवाज काही काळ गडप होतो त्यात सापडता आणि १८० चा माणूस १४० म्हणून लिहिला जातो. एका मिनिटाच्या अंतरानं दुसरं मोजमाप. पहिल्या भेटीत दोन्ही हात; पुढं ज्यात जास्त आलं तोच. आणि फुगवताना "नाव काय, वय किती, गाव कुठलं?" विचारायचं नाही. सगळेच विचारतात, तेवढीच फुरसत मिळते म्हणून. बोलण्यानं आकडा सहज दहानं चढतो.

आता पडताळणी. सहकारी नर्सबरोबर वीस रुग्ण घ्या, दोघींनी पाच मिनिटांच्या आत वेगवेगळं मोजून आकडा न दाखवता लिहा आणि शेवटी मांडा. सारखा एकाच दिशेनं फरक येत असेल तर हात किंवा कान कुणाचा तरी चुकतोय. वर-खाली येत असेल तर पद्धत सैल आहे. डायलचा काटा हवा नसताना शून्यावर बसतो का तेही बघा. बसत नसेल तर ते यंत्र बाजूला ठेवा, वजाबाकी करत वापरू नका.

श्वासाच्या रकान्यात तर राज्यभर एकच आकडा सापडेल : १८, नाहीतर २०. कुणी मोजतच नाही. पूर्ण ६० सेकंद घड्याळ धरून, नाडी धरल्याचं नाटक करत छाती-पोटाकडं बघा. मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. मूल शांत असताना, आईच्या मांडीवर, झबलं वर करून. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका. लहान मुलाचा श्वास लयीत नसतो, एका श्वासाची चूक चारची होते. पिता येत नाही, प्यायलेलं सगळं उलटतं, झटके आले, किंवा हलवलं तरी धड जागं होत नाही, यातलं एकही असेल तर आकडा काहीही असो, पाठवा.

प्रौढांसाठी भिंतीवर न्यूज-टू हा तक्ता लावता येईल. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ मध्ये काढलेली ही आवृत्ती. श्वास, ऑक्सिजन, वरचं बीपी, नाडी, ताप आणि भान यांना गुण देते. एकूण ५ म्हणजे तातडी, ७ म्हणजे आणीबाणी. गरोदर बाई आणि सोळाखालच्या मुलांना तो लावायचा नाही. आणि त्याची मर्यादा तुमच्याच केसवरून घ्या. समजा त्या बाईची नाडी १०४, श्वास २४, ऑक्सिजन ९५, बीपी १३०, ताप नाही, भान ठीक. गुण १, २, १ मिळून ४. तक्ता गप्प. वय, मधुमेह आणि घाम मात्र ओरडत असतात, आणि ते तक्त्यात नाहीत. तक्ता घाई वाढवायला वापरा, घटवायला नको. विडी ओढणाऱ्याच्या बोटावरचा ऑक्सिजनचा आकडाही जरा संशयानं घ्या. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात बसतो आणि साधं यंत्र त्याला ऑक्सिजनच समजतं.

तुम्ही खानापूरकडच्या, पण हे सदर निपाणीतही वाचतात, म्हणून तोंडाची तपासणी. विडी वळणाऱ्या बाईला "तंबाखू खाता का?" विचारलं तर "नाही" म्हणेल आणि ते खोटं नसेल. "मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावता का? दिवसातनं किती वेळा? किती वेळ तोंडात धरता?" असं विचारा. दातांची कवळी काढायला लावा. टॉर्च, हातमोजे, लाकडी पट्टी घेऊन क्रमानं बघा : ओठ उलटे करून, दोन्ही गाल, हिरडीच्या बाहेरची खाच (मिश्री आणि तंबाखूचा बार तिथंच बसतात), जीभ गॉजमध्ये धरून दोन्ही कडा, जिभेखालची जमीन, टाळू. गालांवरून बोट फिरवा. कडक दोरी लागली किंवा तोंडात तिची स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील तर लिहा. खरवडून न निघणारा पांढरा डाग, लाल मखमली डाग, दोन आठवड्यांवर न भरलेली जखम, यांतलं काहीही पाठवण्याजोगं. जखम दुखत नाही म्हणून बाई निश्चिंत असते. तुम्ही राहू नका.

ऊसपट्ट्यातल्या केंद्रांना आणखी एक : हंगामात फडातून थेट आलेल्या माणसाच्या बोटाला रस असतो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं तो पुरता जात नाही आणि शुगर भलतीच येते. साबणानं हात धुवून, कोरडा करून, बोटाच्या कडेला टोचा, पिळू नका.

आणि तुमच्या जंगलाकडच्या वाड्यांसाठी : शेजारच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २०१५ आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ पासून माकडताप दिसलाय. हिवाळा-उन्हाळ्यात अचानक जोराचा ताप, डोकं फुटल्यासारखं, अंग मोडल्यासारखं, डोळे लाल घेऊन कुणी आला तर जंगलात गेला होतात का, गोचीड चावली का, माकडं मेलेली दिसली का, हे तीन प्रश्न तापाच्या कागदावर लिहूनच ठेवा.

एवढं सगळं सापडवलं आणि फोनवर "सर, पेशंट जरा सिरियस वाटतोय" म्हणालात तर मीटिंगमधले डॉक्टर "येतो थोड्या वेळानं" म्हणणारच. असं सांगा : "सर, केंद्रातून सिस्टर बोलतेय. पंचावन्न वर्षांची बाई, आठ वर्षं मधुमेह. सकाळी सातपासून पोटात वर जळजळ आणि घाम. नाडी १०४, बीपी १३०/८०, श्वास २४, ऑक्सिजन ९५, शुगर २१०. मला हृदयाची शंका येतेय. ईसीजीसाठी पाठवायची आहे, १०८ बोलावतेय. ॲस्पिरिन द्यायची का, किती, सांगा." अर्ध्या मिनिटात कोण, काय, मागचं, आत्ताचं आणि तुम्हाला हवं काय, सगळं आलं. शेवटचा भाग आपण गिळतो, आणि नेमका तोच डॉक्टरांना हवा असतो. हाच मजकूर कन्नडमध्येही दहादा मोठ्यानं म्हणून ठेवा. घाईच्या वेळी परकी भाषा जिभेवर येत नाही. सांगितलेली वेळ आणि मिळालेला आदेश रजिस्टरात लिहा, आदेश परत म्हणून दाखवा.

एकदम सगळं सुरू करू नका, आठवड्यात सोडून द्याल. पहिले दोन महिने फक्त बीपी आणि श्वास, वीस-वीस रुग्णांची पडताळणी. मग तोंड. प्रशिक्षणाची तारीख लागली की वही घेऊन जा आणि तिथं एकच हट्ट धरा : "आम्हाला करून दाखवू द्या, आणि बघा." सोळा हजारांचा विचार पुढच्या वर्षी, तेव्हा आपल्याला नेमकं काय येत नाही हे तुम्हाला कळलेलं असेल आणि त्यावरून कोर्स निवडता येईल.

त्या बाईकडं मात्र या आठवड्यात जा. बेळगावहून आणलेल्या गोळ्यांची चिठ्ठी आणि पाकिटं समोर मांडायला सांगा; बरं वाटतंय म्हणून एखादी बंद केली आहे का, बघा. रात्री उशी किती लागते, आडवं झाल्यावर धाप लागते का, विचारा. नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून खळगा पडतो का, बघा. वजन करून तारखेसह लिहा, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर केंद्रात यायला सांगा. दोन्ही हातांचं बीपी घ्या, पाच मिनिटं थांबून.